अर्ध्यावर थांबलेली आय-लीग २०१९–२०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये थांबलेल्या आय-लीगबद्दल तेच तेच प्रश्न अजूनही येत असतात. विजेता कसा ठरला, खाली कोण गेलं, पगारांचं काय झालं, आणि मुळात ही लीग पहिल्या श्रेणीची होती की दुसऱ्या? उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे परदेशातल्या लीगशी तुलना केल्याने मुद्दा उलगडतो, तिथे ती केली आहे.

थोडक्यात सांगा, झालं काय?

३० नोव्हेंबर २०१९ ला सुरू झालेला हंगाम मार्चच्या मध्यावर थांबवला गेला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. तोवर मोहन बागानचं विजेतेपद पक्कं झालं होतं, म्हणून त्यांनाच विजेता घोषित केलं. बाकी क्रमांकांना बक्षिसासाठी अर्थ उरला नाही, कोणीही खाली गेलं नाही आणि वर येणारा संघ निवडण्यासाठी ऑक्टोबरमध्ये वेगळी छोटी स्पर्धा घ्यावी लागली.

पण आय-लीग तर देशातली मुख्य लीग होती ना?

२००७ पासून होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली आणि काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी चालल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने भारतासाठीचा आराखडा मंजूर केला. त्यानुसार आयएसएल पहिल्या क्रमांकाची लीग झाली आणि तिला आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा मिळाली, तर आय-लीगच्या विजेत्याच्या वाट्याला एएफसी कप, म्हणजे आशियातली त्याखालची क्लब स्पर्धा आली. म्हणजे २०१९–२० हा आय-लीगचा दुसऱ्या श्रेणीतला पहिलाच हंगाम, आणि नेमका तोच अर्धवट राहिला. कोलकात्यातल्या जुन्या चाहत्यांसमोर 'दुसरी श्रेणी' म्हणालात तर आजही वाद होईल. कागदावर मात्र स्थिती हीच होती.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये बढती मिळण्याची सोय त्या हंगामात नव्हती. आराखड्यात ती २०२२–२३ पासून होती. त्यामुळे युरोपात ज्या प्रश्नावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, तो 'वर कोण जाणार' हा प्रश्न इथे निघालाच नाही.

किती संघ, किती सामने?

११ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे प्रत्येकी २० आणि एकूण ११० सामने. संघ होते मोहन बागान, ईस्ट बंगाल, चर्चिल ब्रदर्स, गोकुलम केरळ, रिअल काश्मीर, पंजाब एफसी (आधीचं मिनर्व्हा), चेन्नई सिटी, ऐझॉल, नेरोका, ट्राऊ आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा (पुढे नुसता 'महासंघ') युवा संघ इंडियन ॲरोज.

सामने नेमके कसे थांबले?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राकडून गर्दी टाळण्याच्या सूचना आल्या. आधी सामने रिकाम्या स्टेडियमवर घ्यायचं ठरलं. पुढच्या एक-दोन दिवसांत तेही मागे पडलं आणि महासंघाने ३१ मार्चपर्यंत सगळं स्थगित केलं. १५ मार्चला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान–ईस्ट बंगाल या शहरातल्या दोन क्लबांची हंगामातली दुसरी डर्बी होती. ती झाली नाही, नंतरही कधी झाली नाही. आय-लीगच्या नावाखाली हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले नाहीत.

आयएसएलचं नशीब थोडं बरं. १४ मार्चला मडगावच्या फातोर्ड्यावर प्रेक्षकांविना अंतिम सामना उरकून कोलकात्याच्या एटीके क्लबने चेन्नईयिनला ३–१ ने हरवलं. त्यांचा हंगाम कसाबसा तडीस गेला, आय-लीगचा काही आठवड्यांनी हुकला.

थांबून, वाट बघून उरलेले सामने का घेतले नाहीत?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर हिशेबात आहे.

२५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि १४ एप्रिलला ती ३ मेपर्यंत वाढली. देशांतर्गत विमानं २५ मेपर्यंत बंद होती. संघ होते श्रीनगर, लुधियाना, कोइम्बतूर, कोझिकोड, गोवा, इंफाळ, ऐझॉल आणि कोलकात्यात. अशी लीग रेल्वेने किंवा बसने चालत नाही. ऐझॉलहून कोझिकोडला रस्त्याने जायचं तर खेळाडू सामन्याआधीच संपेल.

समजा, सगळ्यांना एकाच शहरात आणलं असतं. तरी १४ दिवस विलगीकरण लागणार. दोन महिने घरात बसलेल्या खेळाडूला किमान तीन आठवडे सराव द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच सामन्यात मांडीचे स्नायू फाटायला लागतात. त्यानंतर मोहन बागानचे उरलेले चार सामने दर तीन दिवसांनी धरले तरी १० दिवस गेले. एकूण ४५ दिवस, तेही काही बिघडलं नाही तर. ज्यांचे जास्त सामने बाकी होते त्यांना आणखी लागले असते. ३ मेला टाळेबंदी खरोखर उठली असती तरी हंगाम जूनच्या मध्यात संपला असता. बहुतेक करार मेअखेर संपणारे, आणि जूनमध्ये कोलकात्यात पाऊस. विजेता आधीच ठरलेला असताना एवढा खर्च कोणी केला नसता.

निर्णय कोणी घेतला?

१८ एप्रिल २०२० ला महासंघाच्या लीग समितीची व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठक झाली. सुब्रत दत्ता अध्यक्ष होते. समितीने हंगाम समाप्त करावा, मोहन बागानला विजेता घोषित करावं, घसरण नको, उरलेली बक्षिसं समान वाटावीत आणि त्या हंगामातल्या युवा लीग रद्द कराव्यात, अशी शिफारस केली. काही दिवसांत कार्यकारी समितीने ती मान्य केली. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते.

क्लबांचं मतदान वगैरे झालं नाही. स्कॉटलंडमध्ये मतदानाने काय गोंधळ घातला ते खाली वाचलंत, तर हे बरंच झालं असं वाटेल. मात्र ज्यांच्या खिशाला कात्री लागणार त्यांना औपचारिक मत नसणं हेही काही चांगलं लक्षण नव्हे.

मोहन बागानला विजेतेपद आयतं मिळालं का?

नाही. १० मार्चला कोलकात्याजवळच्या कल्याणी स्टेडियमवर त्यांनी ऐझॉलला १–० ने हरवलं. पापा दियावाराने ८० व्या मिनिटाला गोल केला. त्या विजयाने १६ सामन्यांत ३९ गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरचा ईस्ट बंगाल १६ गुण मागे राहिला. उरलेले सगळे सामने जिंकूनही कोणी ३९ पर्यंत पोचत नव्हतं. म्हणजे लीग थांबण्याच्या आधी, मैदानावर, चार सामने राखून विजेतेपद मिळालं होतं. किबू विकुन्या प्रशिक्षक होते. खोसेबा बेइटिया आणि फ्रान गोन्सालेस हे स्पॅनिश मध्यरक्षक या संघाचा कणा होते.

१६ सामन्यांत त्यांचा पराभव एकच, आणि तो दिला गोव्याच्या चर्चिलने. डिसेंबर २०१९ मध्ये, तोही कल्याणीतच, ४–२ असा. फेब्रुवारीत फातोर्ड्यावर बागानने ३–० ने परतफेड केली.

सरासरी गुणांवर तक्ता लावला असता तर?

अर्धवट लीगमध्ये सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. म्हणून गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागून क्रम लावतात. ऐकायला सोपं आहे, पण ही भागाकाराची रेघ कोणाच्या मानेवर पडेल ते सांगता येत नाही.

स्कॉटलंडची दुसरी श्रेणी, म्हणजे तिथली चॅम्पियनशिप, याचं चोख उदाहरण आहे. तळाला पार्टिक थिसल होता. २७ सामन्यांत २६ गुण. त्याच्या वर क्वीन ऑफ द साऊथ, २८ सामन्यांत २८ गुण. पार्टिकची सरासरी ०.९६, दुसऱ्याची बरोबर १.००. पार्टिकचा एक सामना हातात होता. तो जिंकला असता तर २९ गुणांनी ते वर गेले असते. हंगामाचे नऊ सामने बाकी असताना ०.०४ च्या फरकाने क्लब खालच्या श्रेणीत गेला.

या पद्धतीचे दोष तीन. कोणाचे घरचे सामने जास्त झाले आणि कोणाचे बाहेरचे, हे ती बघत नाही. उरलेले सामने तगड्या संघांशी आहेत की दुबळ्यांशी, तेही बघत नाही. आणि थोडे सामने झालेले असतील तर एका निकालाने सरासरी फार हलते. निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर ही पद्धत वापरूच नये, असं आमचं मत आहे.

आय-लीगमध्ये सरासरीची गरज पडली नाही. वरचा प्रश्न सुटलेला होता आणि खालचा रद्द केला. मधल्या क्रमांकांवरून भांडायला काही ठेवलंच नाही.

स्कॉटलंडमध्ये मतदानात काय घडलं होतं?

थोडं विषयांतर, पण विचारलं जातं म्हणून. हंगाम तिथेच संपवून सरासरी गुणांनी क्रम लावायचा ठराव होता. तो संमत व्हायला दुसऱ्या श्रेणीतल्या १० पैकी ८ क्लबांचा होकार हवा होता. १० एप्रिलला, मुदतीच्या दिवशी, ७ होकार जमले. आठवं मत डंडी क्लबचं (डंडी युनायटेड हा त्याच शहरातला वेगळा क्लब). त्यांनी नकार पाठवला होता, पण तो ई-मेल वेळेत पोचलाच नाही. मत 'आलेलं नाही' असं ठरलं, मग पाच दिवस वाटाघाटी, आणि १५ एप्रिलला डंडीने होकार दिला. त्या एका मताने डंडी युनायटेड विजेता झाला आणि पार्टिक खाली गेला. पार्टिक आणि वरच्या श्रेणीतून घसरलेला हार्ट्स हे दोघे न्यायालयात गेले. प्रकरण लवादाकडे गेलं आणि जुलैअखेर निकाल त्यांच्या विरोधात लागला. पुढच्या वर्षी पार्टिक तिसरी श्रेणी जिंकून परत वर आला.

बक्षिसाच्या रकमेचं काय केलं?

विजेत्याची रक्कम मोहन बागानला. दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाची बक्षिसं एकत्र करून उरलेल्या १० क्लबांत सारखी वाटली. यात दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर असलेल्यांचा तोटा आणि तळाच्यांचा फायदा झाला हे उघड आहे. तरी पर्याय काय होता? ईस्ट बंगाल आणि पंजाब दोघेही २३ गुणांवर होते, त्यांच्या मागोमाग इतर संघ एक-दोन गुणांच्या अंतरावर. अशा गर्दीत क्रमांक लावून लाखो रुपयांचा फरक करणं म्हणजे लॉटरी काढण्यासारखंच.

घसरण का रद्द केली? तळाचा संघ वाचला म्हणजे अन्यायच ना?

सर्वांत तळाला इंडियन ॲरोज होता. तो महासंघाचा विकास संघ असल्याने नियमानेच घसरणीतून वगळलेला. त्यामुळे तलवार त्याच्या वरच्या संघावर लटकत होती आणि तिथला फरक काही सामन्यांत पालटू शकणारा होता. शिवाय खालून कोण येणार हे ठरायचं होतं, कारण आय-लीगच्या खालची लीग, सेकंड डिव्हिजन, तीही मध्येच थांबली होती. वर येणारा ठरलेला नसताना खाली ढकलायचं कोणाला आणि कशासाठी? हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

'रद्द' आणि 'समाप्त' यात फरक आहे का?

खूप आहे. बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास वापरले गेले, म्हणून गोंधळ झाला.

समाप्त म्हणजे जिथे आहे तिथे हंगाम संपला. झालेले सामने, गोल, कार्डं सगळं नोंदीत राहतं. रद्द म्हणजे तो हंगाम झालाच नाही असं धरायचं. इंग्लंडमध्ये खालच्या अर्धव्यावसायिक पायऱ्यांवर २०१९–२० चे निकाल पुसून टाकले गेले. जर्सी बुल्स नावाच्या क्लबने त्या मोसमात २७ पैकी २७ सामने जिंकले होते. नोंद शून्य, बढतीही नाही.

आय-लीग समाप्त झाली. म्हणून पंजाब एफसीच्या दिपांडा डिकाचे १२ गोल नोंदीत आहेत आणि त्या मोसमातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तोच.

खेळाडूंचे करार आणि पगार?

इथे खरी ओढाताण झाली. विजेतेपदाचा निर्णय एका बैठकीत झाला, पगाराचे वाद महिनोन्‌महिने चालले.

हंगाम समाप्त झाला म्हणजे करार संपला, असा समज अनेक क्लबांनी करून घेतला. तसं नसतं. करारात ३१ मे लिहिलं असेल तर तो ३१ मेपर्यंत चालतो. सामने होवोत न होवोत. ७ एप्रिल २०२० ला फिफाने मार्गदर्शक सूचना काढल्या. करार आणि पगारातले बदल क्लब आणि खेळाडूंनी बोलून ठरवावेत असं त्यांत म्हटलं होतं. एकतर्फी कपात केली आणि वाद आला, तर काय तपासलं जाईल तेही सांगितलं: क्लबने आधी खेळाडूशी बोलायचा प्रामाणिक प्रयत्न केला का, क्लबची आर्थिक स्थिती काय, कपात त्या मानाने बेताची आहे का, कपातीनंतर खेळाडूच्या हातात किती उरतं, आणि सगळ्यांना एकच माप लावलं की काहींना वगळलं.

कोलकात्यात नेमका याच मुद्द्यावर खटका उडाला. ईस्ट बंगालच्या तेव्हाच्या गुंतवणूकदार कंपनीने करारातलं 'फोर्स मेजर' कलम, म्हणजे आवाक्याबाहेरच्या आपत्तीचं कलम, पुढे करून एप्रिलअखेर करार संपवले. खेळाडूंचा त्याला विरोध होता. असं कलम लावता येतं का, हे दोन गोष्टींवर ठरतं: करारात महामारी किंवा सरकारी बंदी हे शब्द आहेत का, आणि कलमाने करार संपतो की फक्त तेवढ्या काळापुरता थांबतो. बहुतेक छापील करारांत दुसरी गोष्ट संदिग्ध ठेवलेली असते. सही करण्याआधी तेवढं एक वाक्य वाचून घ्या.

पगार थकला तर खेळाडूने काय करायचं?

क्रम चुकवू नका. आधी लेखी मागणी, कोणत्या महिन्याची किती रक्कम हे आकड्यांत लिहून, ई-मेलने. व्हॉट्सॲपवरचं 'देतो रे, बघू' हा पुरावा म्हणून लंगडा पडतो. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर खेळाडू सबळ कारणाने करार मोडू शकतो. नोटीस न देताच निघून गेलात तर करार तुम्ही मोडला असं होतं, आणि भरपाई तुमच्याकडेच मागितली जाऊ शकते. बहुतेक प्रकरणं इथेच फसतात.

दाद कुठे मागायची? भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांच्यातला वाद महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे. परदेशी खेळाडू असेल तर फिफाकडे. फिफाकडे जायची मुदत घटनेपासून दोन वर्षं. सोबत करार, बँक खात्याचे उतारे, नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा जोडा. करारासोबत 'साईड लेटर', म्हणजे मूळ कराराबाहेरचं वेगळं पत्र, असेल तर तेही लावा. पुष्कळदा खरी रक्कम त्यातच असते.

परदेशी खेळाडू घरी कसे गेले?

आंतरराष्ट्रीय विमानं मार्चच्या चौथ्या आठवड्यात बंद झाली आणि हे लोक कोलकात्यातल्या फ्लॅटमध्ये अडकले. शेवटी स्पॅनिश दूतावासाच्या मदतीने मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या स्पॅनिश खेळाडू-प्रशिक्षकांसाठी बस ठरली. ३ मेला कोलकात्याहून निघून वाराणसीत मुक्काम, तिथून दिल्ली, आणि ५ मेला ॲमस्टरडॅमचं विमान. सुमारे दीड हजार किलोमीटर रस्त्याने. वाटेतल्या प्रत्येक राज्याची हद्द ओलांडायला परवानगीचे कागद लागत होते. डर्बीत एकमेकांना आडवे येणारे लोक एकाच बसमधून परतले.

सेकंड डिव्हिजनमधून वर कोण आलं?

ती स्पर्धा पूर्ण करणं शक्य नव्हतं, शिवाय तिच्यात आयएसएल क्लबांचे राखीव संघही होते आणि त्यांना बढतीचा हक्क नव्हता. म्हणून बढतीसाठी पात्र पाच क्लबांची वेगळी पात्रता स्पर्धा झाली: मोहम्मडन स्पोर्टिंग, भवानीपूर, एफसी बंगळुरू युनायटेड, गढवाल आणि अहमदाबादचा एआरए. ८ ते १९ ऑक्टोबर २०२०, सॉल्ट लेक आणि कल्याणी ही दोन मैदानं, एकेरी साखळी, १० सामने. मोहम्मडनने जिंकून सात वर्षांनी आय-लीगमध्ये जागा मिळवली. कोविडनंतर देशात झालेली ही पहिली मोठी फुटबॉल स्पर्धा, आणि पुढच्या सगळ्या बायो-बबलची रंगीत तालीमही. आधी चाचणी, मग हॉटेलात विलगीकरण, मग सराव, आणि हॉटेल–बस–मैदान यापलीकडे कुठेही पाऊल नाही.

ज्या क्लबांनी जानेवारीपासून सेकंड डिव्हिजन खेळून गुण जमवले होते, त्यांचे ते गुण मात्र वाया गेले. या सगळ्या प्रकरणात खरा अन्याय कोणावर झाला असं विचाराल, तर आमचं बोट इकडे.

मोहन बागान पुढच्या वर्षी आयएसएलमध्ये दिसला. मग बढती मिळालीच की?

नाही. जानेवारी २०२० मध्येच, म्हणजे लीग चालू असताना, एटीकेच्या मालकांशी विलीनीकरण जाहीर झालं होतं. त्यातून एटीके मोहन बागान झाला आणि तो आयएसएलमध्ये खेळला. ईस्ट बंगालही नव्या गुंतवणूकदारासह सप्टेंबर २०२० मध्ये आयएसएलमध्ये गेला. विजेता म्हणून बागानने मिळवलेली २०२१ च्या एएफसी कपची जागा विलीन झालेल्या क्लबने वापरली. आय-लीगने एकाच उन्हाळ्यात विजेता, उपविजेता आणि डर्बी तिन्ही गमावलं. कोविडपेक्षा हा फटका मोठा होता.

मैदानावर जिंकून आय-लीगमधून वर जाणारा पहिला क्लब म्हणजे पंजाब, २०२२–२३ मध्ये. दुसरा मोहम्मडन, २०२३–२४ मध्ये.

चषक कधी दिला?

१८ ऑक्टोबर २०२० ला, कोलकात्यात. विजेतेपद पक्कं झाल्यावर सात महिन्यांनी. अंतर राखायच्या सूचना होत्या, पण हॉटेलपासून क्लबच्या तंबूपर्यंतच्या (कोलकात्यात क्लबच्या मुख्यालयाला तंबू म्हणतात) मिरवणुकीत त्या कोणी पाळल्या असतील असं समजू नका.

गोवा आणि मुंबईचा या हंगामाशी संबंध काय?

चर्चिल ब्रदर्स हा एकच गोव्याचा क्लब तेव्हा आय-लीगमध्ये उरला होता. साळगावकर, स्पोर्टिंग गोवा आणि डेम्पो २०१६ मध्ये बाहेर पडले होते. इंडियन ॲरोज घरचे सामने मुंबईच्या कूपरेजवर आणि वास्कोच्या टिळक मैदानावर खेळायचा. मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगमध्ये आला तो नंतर, २०२१–२२ मध्ये. पात्रता स्पर्धेत तो दुसरा होता, पण चेन्नई सिटी बाहेर पडल्याने जागा मिळाली.

इतर देशांनी दुसऱ्या श्रेणीचं काय केलं?

फ्रान्सच्या लीग २ मध्ये २८ फेऱ्या झाल्या होत्या आणि सगळ्यांचे सामने सारखे. लोरियां ५४, लांस ५३, अजाक्सियो ५२. पहिले दोन वर गेले, प्ले-ऑफ रद्द. अजाक्सियोचा हंगाम एका गुणाने गेला.

नेदरलँड्सने उलटं केलं: विजेता नाही, बढती नाही, घसरण नाही. काम्ब्यूर २९ सामन्यांत ६६ गुणांवर, तिसऱ्या संघापेक्षा ११ ने पुढे, दुसरा डी ग्राफस्खाप ६२ वर. दोघेही तिथेच राहिले. क्लबांचं मत घेतलं तेव्हा बढती-घसरणीच्या बाजूने १६, विरोधात ९ आणि ९ तटस्थ. तरी तिथल्या महासंघाने बहुमत पुरेसं स्पष्ट नाही म्हणून नकार दिला, आणि न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. काम्ब्यूरने पुढच्या वर्षी ९२ गुण करून लीग जिंकली. डी ग्राफस्खाप पुन्हा हुकला, या वेळी गोलफरकाने.

नंतरच्या आय-लीग हंगामांवर काय परिणाम झाला?

२०२०–२१ सगळा कोलकाता-कल्याणी परिसरात, ९ जानेवारी २०२१ पासून. ११० ऐवजी ८० सामने: आधी एकेरी साखळीचे ५५, मग वरच्या सहा संघांचे १५ आणि खालच्या पाचांचे १०. गोकुलम केरळ आणि चर्चिल २९ गुणांवर बरोबरीत आले आणि आपसातल्या सामन्यांवर गोकुलम जिंकला. पहिल्यांदा चर्चिल ३–२, दुसऱ्यांदा गोकुलम ३–०. घसरण झालेल्या नेरोकालाही नंतर परत घेतलं.

२०२१–२२ तर सुरू होऊन लगेच थांबला. २६ डिसेंबरला पहिले सामने झाले, काही दिवसांत हॉटेलातल्या बबलमध्ये रुग्ण सापडले. ३ मार्च २०२२ ला पुन्हा सुरुवात झाली आणि मेमध्ये संपला. बबल फुटतो तो बहुधा खेळाडूंमुळे नाही. हॉटेलचे कर्मचारी, बसचालक आणि उशिरा येऊन मिळणारे खेळाडू ही तीन भोकं असतात. संघाला अख्खं हॉटेल न देता दोन मजले दिले की लिफ्ट आणि स्वयंपाकघर सामाईक राहतं.

आमची जिल्हा लीग आहे. नियमपुस्तिकेत काय घालावं?

हे हंगाम सुरू व्हायच्या आधी घाला. एकदा तक्ता डोळ्यांसमोर आला की प्रत्येक क्लबला आपल्या सोयीचा नियम सुचतो.

किती टक्के सामने झाले असतील तर निकाल धरायचा, ते आकड्यात लिहा. निम्मे ही किमान मर्यादा, तीन चतुर्थांश असेल तर उत्तम. त्याहून कमी झाले तर विजेता नाही. सामने असमान झाले असतील तर सरासरी किती दशांश स्थळांपर्यंत काढायची ते लिहा, आणि बरोबरी झाली तर आधी आपसातले सामने की गोलफरक, तेही. आपसातला एकच सामना झाला असेल तर तो धरायचा की नाही हे हमखास राहून जातं. बढती आणि घसरण एकाच कलमात बांधा: एक रद्द झाली तर दुसरीचं काय. बक्षीस क्रमांकाने की समान, तेही ठरवा. खेळाडूंना मानधन देत असाल तर कराराची शेवटची तारीख हंगामाच्या शेवटच्या सामन्याला न बांधता कॅलेंडरच्या तारखेला बांधा. निर्णय कोणाचा, किती दिवसांत, आणि त्यावर अपील कुठे, हे नाव-पदासह लिहा. क्लबांचं मत घ्यायचं असेल तर मत कोणत्या ई-मेल पत्त्यावर, किती वाजेपर्यंत, आणि पोच मिळाली नाही तर फोन कोणी करायचा, हेही.